हुरड्याच्या जोडीला काउबॉय स्टेकहाउसची संध्याकाळ: काय जमेल, काय फसेल?

रानवाट_गंगापूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गंगापूर तालुक्यात आमचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हुरडा चालतो, शनिवार-रविवारी ४० ते ५० माणसं, त्यात निम्मी लेकरं. यंदा महिन्यातून दोन संध्याकाळी अमेरिकेतल्या काउबॉय स्टेकहाउससारखा बेत करायचा विचार चाललाय. टेबलावर शेंगांची बादली, टरफलं खाली टाकायची मुभा, वाढदिवस असेल त्याला खोगिरावर बसवायचं, टाय कापायचा, असलं सगळं. पंगत आणि हुरडा सोडून लेकरांना काहीतरी वेगळं वाटावं एवढाच हेतू.

बीफचा विषयच नाही. बोकड, कोंबडी आणि पनीर. बार नाही. जवळ ६० बाय ४५ सेंमीच्या दोन लोखंडी सिगड्या, एक मोठा बिडाचा तवा आणि बाभळीचा कोळसा आहे. जेवायची जागा म्हणजे सारवलेलं अंगण, स्वयंपाकघरापुढे थोडी शहाबादी फरशी. तिकडच्या त्या प्रथा नेमक्या कशा चालतात, इकडं कोणत्या घ्याव्यात आणि मटणाचा 'स्टेक' (आचेवर भाजलेला मांसाचा जाड काप) होतो का, हे जाणकारांनी सांगावं.

---

खोगीरभरती

प्रथांचं मी सांगतो, आचेचं दुसरं कुणी सांगेल.

आधी हे डोक्यात घ्या की तिकडं या गमती एकाच हॉटेलात नसतात. टाय कापायची रीत ॲरिझोनाची. स्कॉट्सडेलमध्ये १९५७ साली सुरू झालेलं पिनॅकल पीक पॅटिओ त्यासाठीच ओळखलं जायचं. २०१५ मध्ये ते बंद झालं. कुणी टाय घालून आला की घंटा वाजवून सगळ्यांदेखत टाय कापायचा आणि छताला टांगायचा. 'इथे साहेबी चालणार नाही' एवढाच त्याचा अर्थ. फीनिक्सच्या रस्लर्स रूस्टमध्ये वरून खाली जेवणाच्या दालनात यायला घसरगुंडी आहे आणि बाहेर लांब शिंगांचा बैल बांधलेला असतो. शेंगांच्या बादल्या, दालचिनीचं लोणी लावलेले गरम पाव, वाढप्यांचा रांगेतला नाच आणि वाढदिवसाचं खोगीर ही टेक्सस रोडहाउसची ओळख. गंमत म्हणजे ही साखळी १९९३ मध्ये सुरू झाली ती टेक्ससमध्ये नव्हे, इंडियाना राज्यातल्या क्लार्क्सव्हिलला. म्हणजे 'अस्सल' काय याचा फार विचार करू नका, सगळा मांडलेलाच बाजार आहे.

आता इकडचं. टाय घालून हुरड्याला कोण येतंय! मग लोकांना सुचतं की टोपी काढून घेऊ किंवा उपरण्याला कात्री लावू. ते चुकूनही करू नका. डोक्यावरची टोपी आणि फेटा हा आपल्याकडे मानाचा विषय, त्यावर चेष्टा म्हणजे भांडणच. जुन्या साड्यांच्या, खणाच्या चिंध्यांचे टाय शिवून घ्या, मागे नाडी. दारात हौशी माणसाला घालायला द्या, मग बैलाच्या गळ्यातली घंटी वाजवून कापा. कापलेल्या तुकड्यावर खडूने नाव लिहून दोरीला अडकवा. कात्री बोथट टोकाची ठेवा, आणि एका हाताची दोन बोटं टाय आणि गळ्याच्या मध्ये घालूनच कापायचं. लेकराच्या गळ्यातला टाय कापायचा नाही, नाडी सोडून हातात घेऊन कापायचा.

खोगिराचं म्हणाल तर तिकडं ते घोड्यावर नसतं, लाकडी घोडीवर ठेवलेलं असतं. वाढदिवस असलेल्याला वर बसवतात, वाढपी त्याचं नाव घेऊन आरोळी ठोकतात, पाहुणे साद देतात, अर्ध्या मिनिटात संपतं. जुनं खोगीर माळेगावच्या यात्रेत मिळेल. लोहा तालुक्यातला तो खंडोबाचा बाजार घोड्यांसाठीच नावाजलेला आहे. घोडी सुताराकडून दोन करून घ्या, मोठ्यांसाठी ७५ सेंमी उंच, लेकरांसाठी ४५. पाय फाकलेले हवेत, तळाची रुंदी निदान ६५ सेंमी, आणि सांधे खिळ्यांचे नकोत, बोल्टचे हवेत. खोगीर वर नुसतं ठेवलं तर माणूस चढताना ते फिरतं आणि माणूस पलीकडे पडतो, म्हणून तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) खालून आवळून फळीला बांधायचाच. कुणाला बसायचं नसेल तर आग्रह नाही. आरोळी म्हणून 'येळकोट' मात्र नको. देवाचा गजर देवाला राहू द्या, 'हुर्रर्र' पुरतं.

टेक्ससातल्या अमारिलोचं बिग टेक्सन स्टेक रँच (१९६० पासून) ७२ औंसाच्या स्टेकसाठी प्रसिद्ध आहे. दोन किलोंहून किंचित जास्त मांस, सोबत कोळंबी, भाजलेला बटाटा, सॅलड आणि पाव, सगळं एका तासात संपवलं तर फुकट. पैसे आधी भरायचे, जिंकलात तर परत. उंच मंचावर बसवतात, समोर घड्याळ, मध्येच उठायचं नाही. २०१५ मध्ये मॉली शायलर या बाईंनी असे तीन २० मिनिटांत संपवले. हे बघून तुम्हालाही भाकरी खाण्याची पैज सुचेल. माझं मत, करू नका. कोरडी भाकरी घाईत खाल्ली की घशात अडकते, आणि शेतात दवाखाना किती लांब असतो ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय लेकरं घरी जाऊन तेच करतात.

---

जाळीवरचा

खोगीरभरती, झकास. आता सिगडीकडे या.

'मटणाचा स्टेक होतो का' याचं सरळ उत्तर: तिकडच्यासारखा नाही. बैलाच्या पाठीचा स्नायू रुंद असतो, कमी हलतो आणि त्यात चरबीच्या बारीक रेषा असतात. तीन सेंमी जाडीचा काप कडक आचेवर दहा मिनिटांत होतो आणि दाताखाली तुटतो. आपल्या उस्मानाबादी बोकडाचा तोच स्नायू जेमतेम मनगटाएवढा, चरबी कमी, आणि मांडीचं मांस चालून-चालून घट्ट झालेलं. मांडीचा कच्चा काप जाळीवर टाकलात तर वरून करपेल, आतून चामडं.

मग उरतात चाप. पण हिशोब बघा. बोकडाला दोन्ही बाजूंच्या मिळून २६ फासळ्या. दोन-दोन फासळ्यांचा एक चाप धरला तर १२-१३ निघतात, कमरेकडचे तीन-चार वेगळे. चाळीस माणसांना एकेक द्यायचा म्हटलं तर तीन बोकडं लागतील. म्हणून चाप हे सुरुवातीला चाखायला ठेवा. आठ-दहा महिन्यांचं जनावर सांगा, खाटकाला 'अडीच सेंमी, फासळी तशीच ठेव' म्हणून आधी सांगून ठेवा, नाहीतर सवयीने रश्श्याचे तुकडे करून देईल. किलोला १० ग्रॅम मीठ, मिरी, लसूण आणि कच्च्या पपईचा सालीसकट वाटलेला गोळा २० ग्रॅम, दोन ते तीन तास, थंड जागी. रात्रभर ठेवायचं नाही. पपईचा रस मांसाचे धागेच तोडतो, आणि ६० ते ७० अंशांना तो सगळ्यात जोरात काम करतो, म्हणजे भाजताना थोडा वेळ ते चालूच राहतं. जास्त झालं की मांस पिठासारखं लागतं आणि मग त्याला इलाज नाही.

मुख्य ताटात मटण हवंच असेल तर रान घ्या. दीड किलोची मांडी, मीठ, दही, आलं-लसूण लावून रात्रभर (यात पपई नको). सकाळी जाड बुडाच्या हंडीत दोन वाट्या पाणी, झाकण कणकेने लिंपून मंद आचेवर अडीच तास. पूर्ण गार होऊ द्या, मगच कापा. गरम कापलं तर चुरा होतो. रेषांना आडवे, दोन सेंमी जाडीचे काप. संध्याकाळी फक्त कडक जाळीवर दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिनिटं. वरून जाळीच्या काळ्या रेघा, आतून मऊ. तसं बघितलं तर ही फसवणूक आहे, पण चवीला चांगली. हंडीतला रस फेकू नका, आटवून मिरी घालून वर ओता. एका रानातून हाड वगळता सात-आठ माणसं होतात. एक जपायचं: शिजलेलं मांस दुपारभर उघड्यावर ठेवायचं नाही. गार झालं की बर्फाच्या पेटीत.

कोंबडी हा तुमचा खरा स्टेक. ब्रॉयलरची छाती, १८०-२०० ग्रॅमचा तुकडा. गावरान नको, ती रश्श्यालाच बरी. जाड टोकाकडून पुस्तकासारखी उघडा, प्लॅस्टिकखाली ठेवून लाटण्याने दीड-दोन सेंमी एकसारखी करा. जाडी एकसारखी नसेल तर निमुळतं टोक वाळून जाईल आणि जाड भाग कच्चा राहील, सगळ्यांचं इथेच चुकतं. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ आणि २५ ग्रॅम गूळ विरघळवून त्यात दीड तास बुडवा, बर्फाच्या पेटीत. मग फडक्याने अगदी कोरडी करा. ओला तुकडा जाळीवर भाजत नाही, वाफवतो. तेल तुकड्याला लावा, जाळीला नाही.

निखारे सिगडीच्या दोन-तृतीयांश भागातच पसरा, एक बाजू मोकळी. जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरा. दोन-तीन मोजेपर्यंत काढावा लागला तर कडक, सहा-सात मोजता आले तर मंद. कडक बाजूला दोन्हीकडून तीन-तीन मिनिटं, मग मोकळ्या बाजूला सरकवून चार-पाच मिनिटं. मधोमध ७४ अंश सेल्सिअस आलेच पाहिजेत. टोचायचा थर्मामीटर हजार रुपयांच्या आत येतो, तो घ्या. पन्नास माणसांच्या जेवणात अंदाजावर कोंबडी काढायची नसते. तिकडचं रेअर (आतून लालसर) ५० अंशांच्या आसपास, मीडियम (अर्धवट शिजलेलं) ६०, वेल डन (पूर्ण शिजलेलं) ७० च्या पुढे, हा हिशोब बीफच्या अखंड कापाचा आहे. कोंबडीला रेअर-बिअर काही नसतं.

उतरवल्यावर पाच मिनिटं ताटात मोकळी ठेवा. लगेच कापली तर रस ताटात वाहतो. डब्यात झाकून ठेवली तर वाफेने वरचा खरपूसपणा जातो.

क्षमता: तुमच्या एका जाळीवर असे १५ तुकडे नीट बसतात, एका खेपेला साधारण १५ मिनिटं. दुसरी सिगडी शाकाहारी ठेवणार असाल (ठेवाच) तर चाळीस तुकड्यांना तीन खेपा, पाऊण तास. म्हणून तर तिकडं पाव आणि शेंगा आधी येतात. ते आदरातिथ्य आहेच, पण मुळात स्वयंपाकघराला मिळालेली वीस मिनिटं आहेत. तुमच्याकडे नाच, खोगीर, टाय हे सगळं पहिल्या खेपेआधी आणि दोन खेपांच्या मध्ये बसवा. जाळीवरच्या माणसाला नाचायला बोलावू नका.

आणखी एक. तिकडं नैर्ऋत्येला मेस्कीटच्या लाकडावर भाजतात. आपल्या बांधावर माजलेली वेडी बाभूळ ही त्याच कुळातली, तिचीच बहीण. लाकूड वाळलेलं हवं, आणि ४०-४५ मिनिटं जाळून निखारे झाल्यावरच मांस ठेवायचं. ज्वाळेवर आणि ओल्या धुरावर ठेवलंत तर काजळी बसते, चव कडू येते. साध्या कोळशात तिचे दोन-तीन तुकडे टाकले तरी वास पुरेसा येतो.

---

माळ_आणि_मिरी

शाकाहारी बाजूचं कुणी लिहीत नाही म्हणून. वेगळी सिगडी, वेगळे चिमटे, वेगळं वाढणं, आणि ती सिगडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला. माळकरी मंडळी असतील तर नुसती वेगळी जाळी पुरत नाही, बसायची जागाच लांब लागते. बुकिंग घेताना विचारा.

वार बघा. शनिवारी बरेच जण मटण-कोंबडी खात नाहीत, एकादशी आली तर विचारायलाच नको, आणि तुमचा हंगाम सुरू होतो तो मार्गशीर्षात. कित्येक घरांत तो महिनाभर बंद असतं. रविवार धरा, आणि मार्गशीर्ष संपल्यावर सुरू करा. पौषातला हुरडा तसाही जास्त भरलेला असतो.

पनीर जाळीवर चिकटतं, बिडाच्या तव्यावर करा. दोन सेंमी जाड, १२० ग्रॅमची वडी, कोमट मिठाच्या पाण्यात १५ मिनिटं, पुसून मिरी-लसूण-मोहरी, कडक तव्यावर बाजूला दोन मिनिटं. सैल पनीर तुटतं, दाबलेलं घट्ट मागा. जाळीवर भरताच्या वांग्याचे दोन सेंमी जाड काप आणि रताळी जास्त खुलतात. काउबॉय बीन्ससाठी (तिकडची गोडसर उसळच म्हणा) राजमा चालेल, गूळ, टोमॅटो, कांदा घालून. फक्त भिजवलेलं पाणी टाकून द्या आणि निदान दहा मिनिटं खळखळून उकळू द्या. कच्चट राजम्यात पोट बिघडवणारं द्रव्य असतं, ते नुसत्या मंद आचेवर जात नाही.

---

रानवाट_गंगापूर

लई उपयोगाचं लिहिलंत सगळ्यांनी. मार्गशीर्षाचं डोक्यातच नव्हतं. शेंगांचं आणि पावाचं कुणी सांगेल का? आमच्याकडं शेंगा घरच्याच आहेत. आणि 'स्टेक' म्हटलं की गावात लोक बीफच समजतील का, ही एक धाकधूक.

---

भट्टी_पेटली

शेंगा माणशी ९०-१०० ग्रॅम, पन्नास जणांना पाच किलो. तिकडच्या खारवलेल्या असतात, मीठ टरफलाच्या आत गेलेलं. लिटरला ८० ग्रॅम मीठ, शेंगा तरंगतात म्हणून वर ताट आणि दगड, सहा ते आठ तास. मग दिवसभर उन्हात वाळवा. ही पायरी गाळली तर भट्टीत त्या उकडतात, करकरीत होत नाहीत. वाळूत, मध्यम आचेवर, सतत हलवत १५-२० मिनिटं. एक फोडून बघा, दाण्याचं लाल साल चोळल्यावर सुटलं की काढा. गरम असताना दाणा मऊच लागतो, गार झाल्यावर करकरीत होतो; मऊ आहे म्हणून भाजत राहिलात तर करपवाल. बुरशी लागलेल्या, काळपट शेंगा आधीच निवडून टाका, ते विष भाजून जात नाही.

टिळकांच्या गोष्टीने आपण सगळे वाढलो, इथे मात्र शेंगा खाऊनही टरफलं उचलायची नाहीत, लेकरांना हीच मजा! पण सारवलेल्या अंगणातच. शहाबादी फरशीवर टरफल पायाखाली गोळ्यासारखं फिरतं, हातात ताटं घेतलेला वाढपी पहिला पडेल. फरशीवर बादली न्यायचीच नाही. सिगडीपासून चार मीटर टरफलं नकोत, ठिणगीने भुरूभुरू पेटतात. खाली फक्त टरफलं, हाडं नाहीत. हाडं पडली की कुत्री आलीच. रात्रीच खराट्याने गोळा करून उकिरड्यावर. खारवलेली टरफलं गुरांपुढे टाकू नका. चार वर्षांखालच्या लेकरांना अख्खे दाणे द्यायचे नाहीत, श्वासनलिकेत जातात. त्यांच्या टेबलाला बादलीऐवजी मक्याचं उकडलेलं कणीस. शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे बुकिंगलाच विचारा.

पाव घरी करायचे तर किलो मैदा, १४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १०० ग्रॅम साखर, १६ ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम लोणी, साधारण ६०० मिली कोमट दूध. ३० पाव होतात. जानेवारीतल्या थंडीत पीठ फुगायला दोन तासही लागतात, पातेलं चुलीच्या उबेला ठेवा, चुलीवर नाही. तंदूर-ओव्हन नसेल तर बेकरीतून लादी आणा आणि तव्यावर गरम करा, कुणी विचारणार नाही. खरी जादू लोण्यात आहे: २०० ग्रॅम मऊ लोणी, ६० ग्रॅम मध, ३० ग्रॅम पिठीसाखर, एक सपाट चमचा दालचिनी पूड. लोणी वितळवायचं नाही, फेटायचं. वितळलं की मध खाली बसतो.

---

खोगीरभरती

धाकधुकीबद्दल. गोवंशहत्याबंदी १९७६ च्या कायद्यातली, मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात त्यात बैल आणि वळूही आले. म्हैस त्यात नाही, पण तुम्ही त्या भानगडीत पडूच नका. फलकावर नुसतं 'स्टेक' लिहू नका. 'चिकन स्टेक', 'भाजलेलं रान', 'पनीर स्टेक' असं पूर्ण, ठळक आणि मराठीत लिहा. मटण ज्या परवानाधारक खाटकाकडून आणता त्याची पावती जपून ठेवा. अन्न सुरक्षेची नोंदणी हुरड्यासाठी काढलेली असेलच, तिच्यात मांसाहारी पदार्थ धरलेत का ते एकदा बघा.

---

रानवाट_गंगापूर

पावती आणि फलक, दोन्ही करतो. जाळीवरचा, शेवटची शंका: रान सकाळी शिजवून ठेवलं आणि त्या दिवशी माणसं कमी आली तर उरलेलं दुसऱ्या दिवशी चालेल का?

---

जाळीवरचा

अख्खं, न कापलेलं, बर्फात राहिलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालेल, पण मग जाळीवर नाही. तोवर ते कोरडं झालेलं असतं, काप केलेत तर भुसा खाल्ल्यासारखं लागेल. तुकडे करून हंडीतल्याच रसात चांगलं उकळा, वरून काळा मसाला आणि येसर, सोबत ज्वारीची भाकरी. एकदा जाळीवर जाऊन आलेले काप मात्र ठेवायचे नाहीत, ते त्याच रात्री संपवायचे.